विहिरीत बुडी मारताना कान दुखला तर काय करायचं, आणि पडदा फाटलाच तर पुढे काय

मे महिना आला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर, नंदगड, बेळगुंदी भागातली पोरं दिवसभर विहिरीत असतात, तळाची माती मुठीत आणून दाखवायची पैज लागते, आणि दरवर्षी कोणतरी एक संध्याकाळी कान धरून बसलेलं असतं. आता तर नेत्राणी, तारकर्लीकडे समुद्रावर जाऊन फ्रीडायव्हिंग, म्हणजे नुसता श्वास रोखून खोल बुडी, करणारेही वाढलेत. मी स्वतः कानाचा पडदा फाडून घेतलाय म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

विहिरीवरच्या मोटारीच्या फुटबॉलला, म्हणजे पाईपच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हला, गवत अडकलं होतं, स्टार्टर बंद करून, फ्यूज काढून पाईप धरत खाली गेलो, दोन परस, म्हणजे दोन माणसं उभी बुडतील एवढं, पाणी असेल, आणि नाक सर्दीनं गच्च होतं. अर्ध्यात कान ठणकायला लागला तरी आता आलंच की म्हणून रेटलं. कानात टप्प झालं, दुखणं एकदम थांबलं, गार पाणी आत शिरलं आणि सगळी विहीर गरगर फिरायला लागली, वर कुठलं खाली कुठलं कळेना. पाईप सोडला नाही, त्यालाच धरून वर सरकत आलो, काठावर चुलतभाऊ ओरडतोय "काय करुलास बे, वर ये की!" पडदा फाटून थंड पाणी मधल्या कानात गेलं की तोल सांभाळणारा आतला भाग एका बाजूनं गार पडतो, त्याची ही चक्कर, पाणी अंगाएवढं कोमट झालं की बहुतेक वेळा मिनिटभरात थांबते. म्हणून हाताला दोर नाहीतर पाईप पाहिजेच आणि काठावर पोहणारा माणूस पाहिजेच, एकट्यानं बुडी मारायचीच नाही.

आता हे का होतं ते बघा. बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्याला जाताना कानाला दडे बसतात ना, तो सगळा घाट, अडीच हजार फूट, उतरल्यावर हवेचा दाब जेवढा वाढतो तेवढा पाण्यात एका मीटरच्या आतच वाढतो. घाटात कानाला तासभर मिळतो, काठावरून सूर मारला की सेकंदभर. १० मीटरवर दाब दुप्पट होतो पण कान जातो तो बहुतेक वरच्या दोन-चार मीटरमध्येच, कारण कानातली हवा सगळ्यात झपाट्यानं तिथेच आकसते. नाकाच्या मागून मधल्या कानात एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब, तिच्यातून हवा आत सोडली की पडदा सरळ राहतो. पण न सोडता चारेक फूट खाली गेलात की ती नळी दाबानं चिकटून बसते, मग कितीही जोर लावा, उघडत नाही. म्हणून कान दुखायच्या आधी उघडायचा. दुखला तर तिथे फुंकत बसायचं नाही, हातभर वर यायचं.

नाक दाबून फुंकायची रीत सगळ्यांना येते, तिला वाल्साल्वा म्हणतात, त्या नावाच्या इटालियन डॉक्टरनं १७०४ साली ती सांगितली ती कानातला पू बाहेर काढायला, खोल पाण्यात जायला नव्हे. डोकं खाली असताना ती नीट चालत नाही आणि फार जोर लावला तर आतल्या कानाची नाजूक खिडकी फाटू शकते. त्यापेक्षा फ्रेन्झेल शिका: नाक दाबा, घसा बंद ठेवा, आणि "क" म्हणताना जीभ मागे उचलते तशी उचलून तोंडातली हवा वर ढकला. घरी आरशासमोर रोज पाच मिनिटं, बरोबर जमलं तर पोट हलत नाही, गळ्याची घाटी तेवढी वर जाते. पाण्यात हात-हातभर उतरलं की एकदा. सर्दी असेल त्या दिवशी काठावर बसायचं. नाकात ड्रॉप टाकून उतरू नका, खाली असतानाच त्याचा असर संपला तर वर येताना हवा कानात अडकते. कानात इअरप्लग घालायचा नाही, आणि पोहण्याच्या गॉगलनं खोल जायचं नाही, त्यात नाक नसतं, आत हवा सोडता येत नाही, म्हणून तो डोळेच ओढतो.

झालंच तर? घरी आल्यावर आजी म्हणाली, "लसणाचं तेल कोमट करून सोड की रं, दोन दिवसात बरं होतंय." मायेनं म्हणाली, पण फाटलेल्या पडद्यातून तेल, पाणी, मेडिकलमधला कुठलाही ड्रॉप सरळ आत जातो, आणि काही ड्रॉपमधली औषधं आतल्या कानाला कायमची इजा करतात. कान कोरडा ठेवायचा, बोट, काडी काही घालायचं नाही, दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि कानाच्या डॉक्टरकडे. विहिरीचं पाणी घाण असतं म्हणून ते अँटिबायोटिक देतील, ते पुरं घ्या.

चक्कर थांबतच नाही, ऐकू येणं एकदम कमी झालं, कानात सतत शिट्टी वाजतेय, नाहीतर तोंड एका बाजूला वाकडं वाटतंय, तर त्याच दिवशी जा, सकाळची वाट बघू नका, आतला कान दुखावला असेल तर औषधाला जेवढा उशीर तेवढं ऐकणं परत मिळणं अवघड. तोंड मिटून "हम्म" करून बघा. आवाज दुखऱ्या कानात मोठा आला तर इजा बहुधा मधल्या कानाची, चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाची शंका. ही घरची खूण झाली, ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची तपासणी, करून घ्याच.

लहान भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं, माझं सात आठवडे लागले. तेवढे दिवस अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात बसवायचा, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. आणि कान बरा झाला का म्हणून रोज नाक दाबून फुंकून बघायची सवय लागते, ती सोडा, नवी कातडी त्यानंच परत उघडते. तीन महिन्यांनीही भोक राहिलं तर ऑपरेशन करून पडदा बसवतात.

डॉक्टरनी दुर्बिणीतून बघून हो म्हटल्यावरच मी परत उतरलो. पाईपला हाता-हातावर चिंध्या बांधल्या, पाय खाली ठेवून उतरायचं, प्रत्येक चिंधीला थांबून कान उघडायचा, नाही उघडला तर एक चिंधी वर. पहिल्या दिवशी तिसऱ्या चिंधीला डावा कान उघडला नाही, तिथूनच वर आलो. फुटबॉल आता आम्ही पाईप वर ओढूनच साफ करतो.