किल्टचं माप देण्याआधी

एडिनबरा-ग्लासगोकडच्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि भाड्याचा नको, स्वतःचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष घालतात तो निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा, शिवायचा असं ठरलं, की आधी पँटच्या कंबरेचा आकडा विसरा. पँट आपण बेंबीच्या बरीच खाली घालतो. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, पारंपरिक शिलाईचा तर तिच्याही थोडा वर जातो. तिथला घेर बहुतेकांचा दोन-चार इंचांनी जास्त भरतो, म्हणून पँटचा ३४ कळवला तर पट्टे बकलांपर्यंत पोचत नाहीत.

शिंप्याचा मऊ टेप, कागद, पेन आणि माप घेणारं दुसरं माणूस एवढी जमवाजमव करा. सुताराचा टेप इथे चालत नाही. आणि दुसरं माणूस हवंच, कारण आकडा वाचायला तुम्ही स्वतः मान खाली घातलीत की अंग पुढे झुकतं आणि लांबी चुकते. बेल्ट, जाड शर्ट काढा, खिसे रिकामे करा, पाय जुळवून ताठ उभे राहा. पोट आत ओढू नका; लग्नाच्या जेवणात ते ओढलेलं राहणार नाही.

आधी बेंबीच्या उंचीवर कंबर मोजा, मग पार्श्वभागावर सगळ्यात जास्त भरेल तिथला घेर. टेप चहूबाजूंनी जमिनीला समांतर असावा, अंगाला टेकावा पण रुतू नये. या दुसऱ्या घेराकडे लोक दुर्लक्ष करतात. निऱ्या इथून कंबरेकडे निमुळत्या करत शिवलेल्या असतात, त्यामुळे हे माप कमी पडलं की मागच्या निऱ्या फाकतात आणि किल्टची सगळी शोभा जाते.

खरी काळजी लांबीची. किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते, ती मागावरून आलेली कापडाची मूळ किनार असते. म्हणजे उसवून लांब करायला आत कापडच नाही, आणि आखूड करायचा तर वरून सगळी शिलाई उघडावी लागते. कंबरेचं निभतं, बकलं सरकवून इंचभर इकडे-तिकडे होतं. म्हणून कंबरेवर जिथे टेप धरला होता तिथे सुतळी बांधा आणि समोर बघत उभे राहून तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा. काही कारागीर वाटीच्या वरच्या कडेपर्यंतचं माप मागतात, तेव्हा तुमच्या कारागिराला आधीच विचारा. पडताळा म्हणून कडक जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून ताठ व्हा आणि सुतळीपासून जमिनीपर्यंत मोजा. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत दिसली तर पुन्हा पहिल्यापासून मोजा, आळस करू नका. आठ वार लोकरी कापड आणि हाताची शिलाई यांचे पैसे थोडे नसतात.

कापडाचं वजनही आत्ताच ठरवा. १६ औंसाच्या (हे एका वाराचं वजन) कापडाच्या निऱ्या सुरेख पडतात, मला तेच आवडतं. उन्हाळ्यात नाचायचं असेल तर १३ औंसाचं बरं. टार्टन, म्हणजे कापडावरचे चौकड्यांचे नमुने, बरेचसे स्कॉटिश कुळांचे असतात; पण आपलं कुळ स्कॉटिश नाही म्हणून संकोच नको, ब्लॅक वॉच नावाच्या नमुन्यासारखे टार्टन कोणीही वापरतं.

उंची आणि वजनही कळवा. सगळी मापं इंचांत, अर्ध्या-पाव इंचासकट लिहा, आणि प्रत्येकापुढे ते कुठून कुठपर्यंत घेतलं तेही लिहा. सैलपणासाठी स्वतःहून काही वाढवू नका. ते कारागीर वाढवतो, आणि दोघांनीही वाढवलं तर किल्ट कंबरेवर टिकत नाही.