बाहेरची रंगीत रोषणाई : या चुका टाळा

एलईडी पट्टीच्या सुरुवातीला पांढरा शुभ्र उजेड आणि शेवटच्या हात-दोन हातांत तांबूस, मळकट. असं दिसलं की पट्टी खराब निघाली म्हणून ती बदलली जाते आणि नवी लावल्यावरही तेच होतं. दोष बहुधा वीज किती लांबून आणि किती बारीक वायरीतून आणली, यात असतो.

लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास. १२ व्होल्टच्या नेहमीच्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टीत प्रत्येक रंगाचे तीन-तीन एलईडी ओळीने जोडलेले असतात. म्हणजे निळ्याला ९ च्या वर व्होल्ट हवेत, लालचं ६ मध्ये भागतं. वाटेत व्होल्टेज पडलं की निळा-हिरवा मंदावतो, लाल टिकून राहतो.

हिशोब करून बघा. मीटरला १४.४ वॅट खाणारी ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट. १२ व्होल्टवर ६ अँपिअर. ॲडॅप्टर १० मीटर लांब ठेवून १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, तर जाण्या-येण्याच्या २० मीटरमध्येच सुमारे २ व्होल्ट जातात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हा तोटा एका व्होल्टच्या आत राहतो. अंतर जास्त असेल तर सरळ २४ व्होल्टची पट्टी आणि ॲडॅप्टर घ्यावेत. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो.

१२ व्होल्टची पट्टी सलग ५ मीटरपेक्षा जास्त जोडू नका आणि शक्य तिथे दोन्ही टोकांना वीज द्या. ७२ वॅटच्या पट्टीला ७२ चाच ॲडॅप्टर लावला तर तो रात्रभर तापतो. ९० वॅटचा हवा. व्होल्टेज मोजायचं ते पूर्ण पांढरा उजेड चालू ठेवून, पट्टीच्या शेवटच्या टोकाला. भार नसताना मल्टीमीटर १२ च दाखवणार.

पाणी शिरतं ते जोडातून

आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित असल्याचा दर्जा असलेली पट्टी कापली की त्या टोकाला आयपी ६५ उरत नाही. नुसती टेप गुंडाळणं सर्वांत वाईट, कारण आत गेलेलं पाणी तिथेच कोंडून राहतं आणि तांब्याच्या तारांमधून पुढे झिरपत जातं. जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा, टोकाला न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे नकोच, त्याने तांबं गंजतं. जोडाच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब जोडापर्यंत न पोचता तिथूनच गळेल. ॲडॅप्टर जमिनीवर ठेवू नका, आणि बाहेरच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलीच पाहिजे. ती पावसानंतर पडत असेल तर सगळ्या माळा काढा आणि एकेक करून परत लावा. जिच्यामुळे पडेल तिचे जोड तपासा. आरसीसीबी बाजूला काढून काम भागवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पिक्सेल माळ मधूनच बंद

पिक्सेल माळेत प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो. वीज येत असेल तर शेवटचा पेटलेला आणि पहिला विझलेला, हे दोन पिक्सेल आणि त्यांच्यामधला जोड तपासा. सुरुवातीपासूनच काही पेटत नसेल तर माळेवर छापलेला डेटाचा (रंगांचे संदेश जाण्याच्या दिशेचा) बाण उलटा आहे का ते बघा. माळेला वेगळा ॲडॅप्टर असेल तर त्याचा आणि कंट्रोलरचा ग्राउंड (वजा तार) एकत्र जोडलेला हवा, नाहीतर रंग वेडेवाकडे उड्या मारतात.

झाडावर चुकीचा रंग

हिरव्या पानांवर लाल झोत टाकला की झाड काळपट, वाळल्यासारखं दिसतं, कारण पान लाल उजेड शोषून घेतं. पानांना हिरवा किंवा थंड पांढरा रंग खुलतो, खोडाच्या सालीला २७०० ते ३००० केल्विनचा उबदार पांढरा. लाल रंग भिंतीवर, दगडावर वापरा. झोताचा दिवा खोडाला चिकटवू नका, साधारण ३० ते ६० सेंटिमीटर लांब ठेवा म्हणजे सालीचा खडबडीतपणा सावल्यांतून दिसतो. उंच सडपातळ झाडाला १५ ते २५ अंशांचा झोत पुरतो, पसरट झाडाला ६० अंशांचा लागतो.