थिअरी तोंडपाठ, डिझाइन सपाट: या चुका टाळा

लोगोवर गोल्डन रेशोची (साधारण १:१.६१८, 'सुंदर' मानलं जाणारं प्रमाण) वर्तुळं काढणं आधी बंद करा. लोगो आधी होतो, वर्तुळं मागाहून चिकटवली जातात, आणि बघणाऱ्याला ते कळतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते 'सात अधिक-उणे दोन'मुळे. एका वेबसाइटच्या मेन्यूत अकरा पर्याय होते. टीममधल्या नव्या मुलाने "माणसाला सातच गोष्टी लक्षात राहतात" म्हणत सहा ठेवले, उरलेले पाच 'इतर'मध्ये कोंबले. त्या पाचांतच 'बिल डाउनलोड' होतं. लोक बिलासाठी फोन करायला लागले आणि क्लायंट आम्हाला! हा आकडा ज्यातून आला तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६चा निबंध तात्पुरत्या स्मरणशक्तीबद्दल आहे. मेन्यू डोळ्यांसमोरच असतो, तो पाठ कोण करतं? पण निबंध वाचायला वेळ नसतो, इन्स्टाग्रामवरची स्लाइड पुरते. आम्ही अकराही पर्याय परत आणले, तीन गटांत, मध्ये मोकळी जागा सोडून, आणि बिल सगळ्यात वर. फोन थांबले. गेस्टाल्ट मानसशास्त्रवाल्यांचं जवळिकीचं तत्त्व (जवळ ठेवलेल्या गोष्टी एक गट वाटतात) इथे कामाला आलं, पण लोक साइटवर कशासाठी येतात हे कस्टमर केअरला विचारल्यावरच.

दुसरं दुखणं म्हणजे फिकट राखाडी अक्षरं. 'मिनिमल' दिसतं म्हणे. डब्ल्यूसीएजीनुसार (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेले निकष) साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक, लागतो. पांढऱ्यावर #९९९९९९ ही राखाडी टाकलात तर तो २.८च्या आसपास अडकतो. कॉन्ट्रास्ट मोजणारा चेकर वापराच, पण मी त्यावर थांबत नाही. फोनचा ब्राइटनेस उतरवून उन्हात उभा राहतो. तिथे वाचता आलं नाही तर रंग बदलतो, वाद घालत नाही.

फिट्सच्या नियमात (बटणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते सांगणारा) आकाराइतकंच अंतरही येतं. बटण मोठं केलंत, पण ते बोटापासून लांब कोपऱ्यात ठेवलंत, तर अर्धाच नियम पाळलात.

लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, नको. सगळ्यात लांब नाव आणि रिकामी यादी, दोन्ही टाकून बघा.

इंग्रजी टेम्प्लेटचं लाइन स्पेसिंग देवनागरीला तसंच लावू नका, वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात.

आणि ग्रिडचे, म्हणजे आखीव रेघांचे, भक्त: प्लेचा त्रिकोण वर्तुळात अलाइन बटणाने मधोमध बसवलात की तो डावीकडे सरकल्यासारखाच दिसतो, कारण त्याचं वजन सपाट बाजूला असतं. थोडा उजवीकडे ढकला. कुणी "पण आकडे जुळत नाहीत" म्हणालं, तर दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून दाखवा.