संगणक चालू ठेवूनच बायोसमध्ये काय आहे ते पाहा

एका संशोधक मुलीचं गणित एका मशीनवर अकरा तास चालू होतं आणि अजून दीड दिवस चालणार होतं. पुढच्या आठवड्यात त्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) बसवायची होती. त्यासाठी लागणारी प्रोसेसरची सोय, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये) चालू आहे की नाही, ते मला त्याच संध्याकाळी सांगायचं होतं. मशीन रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ-२ दाबत बसायची सोयच नव्हती. मी प्रयोगशाळेतले चाळीस संगणक सांभाळते. त्या दिवसापासून बायोसच्या पडद्यावर जाणं हा माझा शेवटचा उपाय झाला आहे. बहुतेक उत्तरं चालू सिस्टिममधूनच मिळतात, मात्र उत्तर कोण देतंय हे ओळखावं लागतं.

उत्तर देणारे तिघं आहेत. पहिला म्हणजे एसएमबायोसचा तक्ता. मशीन सुरू होताना फर्मवेअर तो मेमरीत मांडून ठेवतं आणि मॉडेल, बायोसची आवृत्ती, रॅमच्या स्टिक वगैरे माहिती त्यात असते. ही फर्मवेअरने स्वतःबद्दल सांगितलेली माहिती आहे. सुटे भाग जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर तर सीरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ असंच छापलेलं दिसतं. दुसरा म्हणजे बोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली यूईएफआयची (बायोसच्या नव्या पद्धतीची) व्हेरिएबल्स, म्हणजे साठवलेल्या नोंदी. बूटचा क्रम आणि सिक्योर बूटची (फक्त सही केलेली सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) स्थिती तिथे असते. तिसरं म्हणजे प्रत्यक्ष परिणाम: प्रोसेसर आत्ता काय करू देतो, रॅम आत्ता किती वेगाने धावते. तिघांत मतभेद झाला तर मी तिसऱ्यावर विश्वास ठेवते.

पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा.

विंडोजवर सुरुवात एमएसइन्फो३२ ने करा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, नाव टाइप करा, एंटर मारा. पहिल्याच पानावर बायोसची आवृत्ती आणि तारीख, बायोस मोड आणि सिक्योर बूट स्टेट अशा ओळी दिसतात. बायोस मोडसमोर ‘लेगसी’ दिसलं म्हणजे मशीनला यूईएफआय येत नाही, असा अर्थ लगेच काढू नका. हे विंडोज जुन्या पद्धतीने बूट झालं आहे, एवढंच ती ओळ सांगते. अशा मशीनवर बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं तर विंडोज सुरूच होणार नाही, कारण डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणीची असते. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडून व्हॉल्यूम्स या टॅबवर पार्टिशन स्टाइल बघा. एमबीआर असेल तर आधी डेटाची प्रत काढा, मग विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदला, आणि सीएसएमला हात सगळ्यात शेवटी लावा.

व्हर्च्युअलायझेशनसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडला की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ दिसतं. बरेच जण त्याऐवजी कमांड प्रॉम्प्टवर सिस्टिमइन्फो चालवतात, आणि तिथे हमखास गोंधळ होतो. शेवटी हायपर-व्ही या विंडोजच्या हायपरवायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चार अटींची यादी यायला हवी, पण कधी कधी तिच्या जागी ‘हायपरवायझर सापडला आहे, म्हणून अटी दाखवत नाही’ अशा अर्थाचं वाक्य येतं. ते वाचून व्हर्च्युअलायझेशन बंद आहे असं समजून बायोसमध्ये शोधाशोध करणारे मी पाहिले आहेत. खरं तर हायपरवायझर चालतोय, म्हणजे ते चालू आहेच. अपवाद एकच: तुम्ही स्वतःच एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या आत बसलेले असाल, तर हे वाक्य खऱ्या मशीनच्या बायोसबद्दल काहीच सांगत नाही.

टीपीएमसाठी (गुप्त किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-चिपसाठी) टीपीएम डॉट एमएससी चालवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणून उजवीकडे खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन बघा. ‘कंपॅटिबल टीपीएम सापडत नाही’ असं आलं तर चिप नसेलच असं नाही. ते बायोसमध्ये बंदही असू शकतं. इंटेलच्या मशीनवर तिथे त्याचं नाव पीटीटी असतं आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम.

रॅमचा वेग मी प्रत्येक मशीनवर आवर्जून तपासते. एका मशीनचं घड्याळ सारखं मागे पडत होतं, म्हणून मी बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदलली. घड्याळ सुधारलं, पण आठवडाभराने मुलांनी सांगितलं की मशीन पूर्वीपेक्षा मंद चालतं. बॅटरी काढताना बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर गेली होती आणि त्यात एक्सएमपीही (रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) बंद झालं होतं. स्टिकवर ३२०० छापलेलं आणि टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग २१३३! तेव्हा स्टिकवरचा आकडा आणि टास्क मॅनेजरमधला आकडा शेजारी ठेवून बघा. मोठा फरक दिसला तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लिनक्सवर हीच कामं जास्त सरळ होतात. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी असेल तर मशीन यूईएफआयने बूट झालं आहे, नसेल तर जुन्या पद्धतीने. मोकयुटिल --एसबी-स्टेट सिक्योर बूट सांगतं, ईएफआयबूटएमजीआर बूटचा क्रम दाखवतं. बायोसची आवृत्ती तर /सिस/क्लास/डीएमआय/आयडी मधल्या बायोस_व्हर्जन या फाइलमध्ये असते आणि ती वाचायला सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लागत नाही. रॅमसाठी सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी चालवा. त्यात ‘स्पीड’ आणि ‘कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड’ अशा वेगवेगळ्या ओळी येतात. दुसरी ओळ आत्ताचा वेग सांगते.

व्हर्च्युअलायझेशनसाठी एलएससीपीयू चालवला की ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘एएमडी-व्ही’ दिसतं. पण इंटेलच्या प्रोसेसरवर जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) बायोसमध्ये ते बंद असतानाही ही ओळ दाखवायचे, कारण ते प्रोसेसरची फक्त क्षमता वाचत. म्हणून केव्हीएमची (लिनक्समधल्या हायपरवायझरची) /डेव्ह/केव्हीएम ही फाइल आहे का ते बघा. नसेल तर सुडो डीमेसेज चालवून त्यात केव्हीएम शोधा. बायोसने अडवलं असेल तर ‘डिसेबल्ड बाय बायोस’ अशा अर्थाची ओळ तिथे बहुधा सापडते. त्या संध्याकाळी मला /डेव्ह/केव्हीएम सापडली आणि त्या मुलीचं गणित न थांबता पूर्ण झालं.

इथे एक कळकळीची सूचना. /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स मध्ये वाचायचं तेवढं वाचा, तिथलं काही पुसू नका. त्या साध्या फाइली दिसल्या तरी ती फर्मवेअरची स्वतःची व्हेरिएबल्स आहेत. २०१६ मध्ये सगळी डिस्क पुसण्याच्या आज्ञेबरोबर ती पुसली गेली आणि काही लॅपटॉप सुरू व्हायचेच बंद झाले. त्यानंतर कर्नलने त्यातल्या बहुतेकांना सहज पुसता येणार नाही असं कुलूप घातलं. पण रूटला (लिनक्सच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला) ते कुलूप काढता येतं.

डेल, लेनोवो, एचपी यांच्या कार्यालयीन मॉडेलांवर बायोसची जवळजवळ पूर्ण यादी मिळू शकते. नव्या लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-बायोस-सेटिंग्ज चालवलं की प्रत्येक सेटिंग, तिची आत्ताची किंमत आणि शक्य पर्याय समोर येतात. बायोसला पासवर्ड असेल तर काही बदलण्यासाठी तो द्यावाच लागतो.

जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर हे सहसा चालत नाही. पंख्याचा वेग कसा ठरवलाय, वीज गेली-आली की मशीन आपोआप सुरू होणार का, अशा गोष्टी बहुतेक बोर्ड सिस्टिमला सांगतच नाहीत. तेव्हा बायोसच्या पडद्यावर जावं लागतं, पण कळ दाबायची घाई तरी टळते. विंडोजवर अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून शटडाउन /आर /एफडब्ल्यू /टी ० दिलं, किंवा लिनक्सवर सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप दिलं, की यूईएफआय मशीन थेट तिथेच उघडतं.

विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर ही आज्ञा देण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा आणि मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: चालवून संरक्षण तात्पुरतं थांबवा. नाहीतर सिक्योर बूट किंवा टीपीएमला हात लावताच विंडोज ती की मागत बसेल. पुढच्या वेळी विंडोज सुरू झालं की संरक्षण आपोआप परत चालू होतं. तरीही मॅनेज-बीडीई -स्टेटस चालवून ‘प्रोटेक्शन ऑन’ दिसतंय ना, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मशीन कोणाच्या ताब्यात देत नाही.