मूल्यमीमांसेची शोधपत्रिका सुरू करताना

नवी शोधपत्रिका काढायचे ठरले की बहुतेक संपादक पहिल्या आठवड्यातच लेखांचे आवाहन लिहायला बसतात. प्रत्यक्षात आवाहन हे कामाच्या शेवटी लिहायचे असते. एखाद्या अनोळखी लेखकाकडून निबंध मागवताना आपण त्याला तीन आश्वासने देत असतो: निबंध विषयाच्या जाणकाराकडून वाचला जाईल, निर्णय ठरलेल्या मुदतीत कळेल, आणि छापला गेल्यास तो दहा वर्षांनंतरही वाचकाला सापडेल. या तिन्हींची व्यवस्था होईपर्यंत आवाहन प्रसिद्ध करू नये. मूल्यमीमांसेसारख्या, म्हणजे मूल्य म्हणजे काय याचा तात्त्विक विचार करणाऱ्या आणि अभ्यासक मोजके असलेल्या क्षेत्रात एका निबंधाची हेळसांड झाली तरी ती बातमी पुढच्या परिषदेपर्यंत सर्वांच्या कानी जाते.

कक्षा आणि नकार

पहिला निर्णय कक्षेचा. मूल्याचा स्वतंत्र सिद्धांत हवा हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात, तत्त्वज्ञ ब्रेन्टानोच्या परंपरेतील माइनाँग आणि एहरेनफेल्स यांच्या लेखनातून पुढे आला. पुढे शेलर आणि निकोलाय हार्टमान या जर्मन तत्त्वज्ञांनी त्याला एक वळण दिले, तर इंग्रजी तत्त्वज्ञानात १९०३ साली जी. ई. मूर यांनी मांडलेल्या आंतरिक मूल्याच्या (एखाद्या गोष्टीला स्वतःमुळेच असलेल्या मूल्याच्या) कल्पनेने दुसरे. आज ‘मूल्यमीमांसा’ म्हटले की संकुचित अर्थाने चांगले म्हणजे काय, साध्यमूल्य (गोष्टीला स्वतःसाठीच असलेले मोल) आणि साधनमूल्य (दुसरे काही मिळवून देते म्हणून असलेले मोल) यांचा संबंध काय, दोन मूल्यांची तुलना होऊ शकते का, माणसाचे कल्याण कशात असते, असे प्रश्न समोर येतात. व्यापक अर्थाने मात्र नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञानाचा मोठा भाग त्यात बसतो. शिवाय श्रममूल्य सिद्धांतावर (वस्तूचे मूल्य तिला लागलेल्या श्रमावरून ठरते, या मतावर) लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ आणि लोकांच्या मूल्यनिष्ठा प्रश्नावलीने मोजणारे मानसशास्त्रज्ञ हेही आपापल्या परीने मूल्यांवरच लिहीत असतात. कक्षा मोघम ठेवली तर या सर्वांचे निबंध येतील, आणि त्यांतील निम्म्यांना परीक्षक शोधताना संपादकांची दमछाक होईल.

माझ्या मते नव्या पत्रिकेने गाभा अरुंद ठेवावा आणि दारे उघडी ठेवावीत. निबंध कोणत्याही शाखेतला असो, त्याच्या निष्कर्षातून मूल्याच्या स्वरूपाविषयी काही तरी हाती लागले पाहिजे. ही अट तपासण्याची एक साधी रीत आहे. निबंधात जिथे जिथे ‘मूल्य’ असे म्हटले आहे, तिथे ‘आवड’ किंवा ‘किंमत’ असे घालून वाचावे. युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहिला, तर तो निबंध दुसऱ्या पत्रिकेचा आहे. सदाचाराचे महत्त्व सांगणारी प्रवचनेही या रीतीने पहिल्याच वाचनात बाजूला पडतात. अशा पत्रिकेकडे ती येतात, आणि ती लिहिणाऱ्यांचा हेतू इतका निर्मळ असतो की नकार कळवताना संपादकालाच अपराधी वाटते.

याच टप्प्यावर आधीपासून असलेल्या पत्रिकांचे गेल्या काही वर्षांतले अंक नजरेखालून घालावेत. मूल्यविचाराला वाहिलेली ‘जर्नल ऑफ व्हॅल्यू इन्क्वायरी’ १९६७ पासून निघते आहे, आणि ‘एथिक्स’ तर १८९० पासून. तिथे जे निबंध सहज छापून येतात, तेच आपणही मागवणार असू, तर लेखकाने आपल्याकडे का यावे याचे उत्तर तयार हवे. सौंदर्यमूल्य आणि नैतिक मूल्य यांचा एकत्र विचार, वेगवेगळ्या तत्त्वज्ञान-परंपरांमधील मूल्यकल्पनांची तुलना, मोठ्या पत्रिका सहसा टाळतात अशा छोट्या प्रतिवादपर टिपणांना जागा, यांपैकी एखादे उत्तरही पुरेसे आहे. ‘दर्जेदार संशोधनाला व्यासपीठ’ हे उत्तर नव्हे, कारण तसे सगळेच म्हणतात.

मालकी, पैसा, हक्क

पत्रिकेचे नाव कोणाच्या मालकीचे, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे. स्नेहाचे संबंध असताना हा प्रश्न काढणे अवघड वाटते, पण संबंध बिघडल्यावर तो सोडवता येत नाही. १९७१ पासून चालत आलेल्या ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ या पत्रिकेच्या संपादकांनी २०२४ मध्ये प्रकाशकाशी मतभेद झाल्यामुळे सामूहिक राजीनामे दिले आणि ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ या ना-नफा प्रकाशनसंस्थेकडे जाऊन नव्या नावाने पत्रिका काढली. माणसे गेली तरी नाव आणि जुने अंक प्रकाशकाकडेच राहिले. म्हणून नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि लेखांचा साठा हे तिन्ही संपादक मंडळाच्या, किंवा पत्रिका चालवणाऱ्या अभ्यासमंडळाच्या ताब्यात राहतील असा करार करावा. संपादक किती वर्षांसाठी, त्याची निवड कोण करणार, त्याला दूर करण्याचा अधिकार कोणाला, हेही त्यातच यावे.

पैशाच्या बाबतीत तत्त्वज्ञानाची गोष्ट वेगळी आहे. प्रयोगशाळेतल्या संशोधनाला अनुदान असते आणि त्यातून प्रकाशनशुल्क भागवता येते. मूल्यमीमांसेवर लिहिणाऱ्या लेखकाकडे असे अनुदान क्वचितच असते. लेखकाकडून शुल्क घेतले की पदरचे पैसे भरू शकणारेच तेवढे उरतात, आणि स्वीकृतीवर मिळकत अवलंबून राहिल्याने संपादकाच्या निर्णयावरही संशय येतो. वाचकालाही विनामूल्य आणि लेखकालाही विनामूल्य, ही पद्धत इथे सर्वांत योग्य. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली मोफत मिळते आणि निबंध स्वीकारण्यापासून अंक प्रसिद्ध करण्यापर्यंतचा सगळा व्यवहार तिच्यातून चालतो. तिला सर्व्हर आणि सांभाळणारे माणूस लागते, एवढे खरे. खरा खर्च भाषासंपादन आणि मुद्रितशोधन यांचा असतो. हे काम ‘कोणी तरी करेल’ म्हणून सोडून दिले की दुसऱ्या अंकापासून अंक रखडू लागतात.

प्रताधिकार लेखकाकडेच ठेवावा आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना निबंध कोणत्या अटींवर वापरता येईल हे आधीच सांगणारा, परवाना निवडावा. काही लेखकांना आपल्या युक्तिवादाची मोडतोड होण्याची भीती असते, त्यामुळे ते बदलांना मनाई करणारा परवाना मागतात. तो दिल्यास निबंधाचा अनुवाद प्रसिद्ध करण्यासाठीही दर वेळी स्वतंत्र परवानगी काढावी लागते, हे त्यांना आधीच सांगावे.

परीक्षण

पत्रिकेची खरी परीक्षा इथेच होते. लेखकाला परीक्षक माहीत नाही आणि परीक्षकाला लेखक माहीत नाही, ही दुहेरी अनामिक पद्धत तत्त्वज्ञानात रूढ आहे. काही पत्रिका निर्णय होईपर्यंत संपादकापासूनही लेखकाचे नाव लपवतात. लहान क्षेत्रात हे पाळणे कठीण जाते, कारण मूल्यांच्या अतुलनीयतेवर लिहिणारी मंडळी एकमेकांची शैलीही ओळखतात. तरीही जे हातात आहे ते करावे. ‘मी अन्यत्र दाखवल्याप्रमाणे’ यासारखी वाक्ये लेखकाने ‘अमुक यांनी दाखवल्याप्रमाणे’ अशी तृतीयपुरुषी करावीत. ऋणनिर्देश स्वीकृतीनंतरच जोडावा. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव आपोआप नोंदलेले असते. ते काढले आहे का, हे संपादकीय साहाय्यकाने प्रत्येक वेळी उघडून पाहावे.

परीक्षकाला पाठवायचा नमुना विचारपूर्वक तयार करावा, कारण मूल्यमीमांसेत परीक्षक तटस्थ असतोच असे नाही. समजा, सुख हेच एकमेव आंतरिक मूल्य आहे असे मानणाऱ्या अभ्यासकाकडे सुखवादावरच हल्ला करणारा निबंध गेला. ‘निबंध पटण्याजोगा आहे का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि एक चांगला निबंध परत जाईल. त्याऐवजी असे विचारावे: ‘निष्कर्षाशी आपण सहमत नसाल, तर ज्याला तो निष्कर्ष मान्य आहे अशा वाचकालाही हा युक्तिवाद अपुरा वाटेल का? वाटत असल्यास नेमक्या कोणत्या पायरीवर?’ या प्रश्नामुळे परीक्षकाला आपला मतभेद आणि निबंधातला दोष वेगळे काढावे लागतात. नमुन्यात आणखी दोन प्रश्न हवेत: निबंधाचा मुख्य दावा परीक्षकाने स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात सांगावा, आणि लेखकाने कोणत्या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवे ते सांगावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले असेल, तर एक तर निबंध अस्पष्ट आहे किंवा परीक्षकाने तो नीट वाचलेला नाही. दोन्ही गोष्टी संपादकाला कळायलाच हव्यात.

दोन परीक्षकांची मते उलटसुलट आली तर त्यांची सरासरी काढू नये. संपादकाने निबंध स्वतः वाचून निर्णय घ्यावा किंवा तिसऱ्याचे मत मागवावे. अलीकडेच एकत्र लेखन केलेले, गुरू-शिष्य किंवा एकाच विभागातले सहकारी यांना एकमेकांचे परीक्षक करू नये. अशा प्रसंगांसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या प्रकाशन-नीतिविषयक समितीची, म्हणजे ‘कोप’ची, मार्गदर्शक तत्त्वे सर्वांना उपलब्ध आहेत, ती आपल्या नियमावलीत स्वीकारल्याचे जाहीर करावे.

संपादक मंडळात नामवंतांची गर्दी करण्यापेक्षा काम करणारे पाच-सहा जण घ्यावेत आणि प्रत्येकाने वर्षाला किती निबंध हाताळायचे ते आधीच मान्य करून घ्यावे. विश्लेषक परंपरा (संकल्पना आणि युक्तिवाद यांची काटेकोर चिकित्सा), प्रतिभासविज्ञान (अनुभवाच्या स्वरूपाचा अभ्यास), सौंदर्यशास्त्र, सामाजिक निवडीचा सिद्धांत (व्यक्तींच्या पसंतींवरून सामूहिक निर्णय कसा ठरवावा याचा अभ्यास), या प्रत्येक बाजूचे किमान एक माणूस असावे. मोठी नावे सल्लागार मंडळात शोभतात.

नोंदणी

हा भाग कंटाळवाणा असला तरी सोपा आहे. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचे ओळखक्रमांक, लागतात. हा आठ अंकी क्रमांक फक्त ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. त्यामुळे तो मुखपृष्ठावर बिरुदासारखा मिरवू नये. प्रत्येक निबंधाला डीओआय (ऑनलाइन निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) आणि लेखकाला ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक) असावा. अंकांच्या दीर्घकालीन जतनासाठी पब्लिक नॉलेज प्रोजेक्टच्याच जतन-जाळ्यात सहभागी होता येते. ‘डीओएजे’ या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत येण्यासाठी वर्षाला किमान पाच संशोधनलेख प्रसिद्ध होणे, तसेच एक वर्षाहून अधिक काळ प्रकाशन सुरू असणे किंवा किमान दहा संशोधनलेख प्रसिद्ध झालेले असणे आवश्यक आहे. ‘स्कोपस’ या संशोधनलेखांच्या सूचीसाठी किमान दोन वर्षांचा इतिहास लागतो. म्हणून पहिल्या आवाहनात सूचीकरणाविषयी काहीही आश्वासन देऊ नये.

आवाहन

आता आवाहन लिहायला हरकत नाही. ते एका पानाचे असावे आणि त्यात लेखकाला निर्णय घेता येईल अशी माहिती असावी. मुख्य परिच्छेद साधारण असा लिहिता येईल:

‘या पत्रिकेत मूल्याचे स्वरूप, मूल्यांची तुलनीयता, कल्याण आणि सौंदर्यमूल्य या विषयांवरील, पूर्वी अप्रकाशित आणि अन्यत्र विचाराधीन नसलेले निबंध स्वीकारले जातात. उपयोजित विषयावरील निबंधाने मूल्याच्या सिद्धांताविषयी स्वतंत्र प्रतिपादन केलेले असावे. निबंध आठ हजार आणि प्रतिवादपर टिपण तीन हजार शब्दांपर्यंत असावे. पहिला निर्णय तीन आठवड्यांत आणि परीक्षणाअंतीचा निर्णय चार महिन्यांत कळवला जाईल. कोणतेही शुल्क नाही.’

त्याखाली निबंध अनामिक कसा करायचा, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, निबंध कोठे पाठवायचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर कितपत चालेल, एवढे असावे. संदर्भांची पद्धत पहिल्याच वेळी काटेकोर मागू नये. ती स्वीकृतीनंतर जुळवून घेता येते. मुदती लिहिताना मंडळाला खरोखर झेपतील अशाच लिहाव्यात. सहा महिने लागणार असतील तर सहा महिने असेच लिहावे. लेखक थांबतात, त्यांना राग येतो तो काहीच न कळवल्याचा.

केवळ जाहीर आवाहनावर पहिला अंक भरत नाही. नोकरीच्या शोधात असलेला तरुण अभ्यासक आपला उत्तम निबंध नव्या पत्रिकेला देणार नाही, आणि यात त्याचे काही चुकत नाही. त्यामुळे ज्यांचे निबंध आपल्याला हवेत अशा अभ्यासकांना नावानिशी पत्र लिहावे, त्यांच्या कोणत्या कामामुळे आपण लिहीत आहोत ते सांगावे आणि निबंध परीक्षणातून जाईलच हेही स्पष्ट करावे. हे शेवटचे वाक्य लिहायला संकोच वाटतो, पण ते टाळले तर निमंत्रित निबंध कमकुवत निघाल्यावर हात बांधले जातात. मंडळातल्या सदस्यांचे निबंधही मोजूनमापून घ्यावेत; डीओएजेच्या नियमाप्रमाणे अलीकडच्या दोन अंकांपैकी कोणत्याही अंकात संपादक, मंडळ-सदस्य किंवा परीक्षक लेखक असलेले निबंध पंचवीस टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत.

निबंध येऊ लागले की त्याच दिवशी पोच द्यावी. परीक्षणाला न पाठवता परत करायचे निबंध तीन आठवड्यांच्या आत, दोन-तीन वाक्यांच्या खऱ्या कारणासह परत करावेत. ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘आपला निबंध लोकांना काय मोलाचे वाटते हे सांगतो, ते तसे वाटणे योग्य का, हा प्रश्न तो घेत नाही’ असे लिहिले तर त्या लेखकाचा पुढचा निबंध बहुधा कक्षेत बसतो. अंकाची पाने भरली नाहीत म्हणून डळमळीत निबंध घेऊ नयेत. ऑनलाइन पत्रिकेला स्वीकारलेला प्रत्येक निबंध तयार होताच प्रसिद्ध करून वर्षअखेरीस खंड बांधता येतो. त्याच वेळी किती निबंध आले, किती परीक्षणाला गेले, किती स्वीकारले आणि निर्णयाला साधारणपणे किती दिवस लागले, हे आकडे प्रसिद्ध करावेत. आवाहनातली मुदत पाळली गेली नसेल, तर पुढच्या वर्षीच्या आवाहनात ती बदलावी.