फौजदारी कोर्टात नवख्या वकिलाने कुणाकडे बघावं

सनद हातात पडली की पोरं-पोरी आमच्या तालुका कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसतात आणि दिवसभर डायसकडे, म्हणजे जजसाहेबांच्या उंच बैठकीकडे, टक लावून बघत राहतात. साहेब काय म्हणाले, सीनियरने काय युक्तिवाद केला. मी त्यांना सांगतो, नजर जरा खाली आणा. डायसखाली बेंच क्लर्क बसलाय, शेजारी टायपिस्ट आहे, दाराशी पुकारा करणारा शिपाई उभा आहे, आणि खिडकीपाशी फायलींचा गठ्ठा काखेत धरून एक पोलीस हवालदार ताटकळतोय. फौजदारी कोर्ट समजायला सुरुवात या माणसांपासून करावी.

त्याआधी सिनेमा डोक्यातून काढा. आपल्याकडे जज हातोडा आपटत नाहीत. साक्षीदार गीतेवर हात ठेवत नाही. 1969च्या शपथ कायद्याप्रमाणे तो ईश्वरसाक्ष शपथ घेतो, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. ज्युरीही नाही. 1959च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'दोषी नाही' म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. आज पुरावा खरा की खोटा हे एकटे जज ठरवतात, तेही रेकॉर्डवर जे आलंय त्यावरून.

खटल्याचं नाव वाचा: 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. फिर्यादीचं नाव त्यात नसतं, आणि पहिला गोंधळ इथेच होतो. मार खाल्लेला माणूस तुमच्याकडे येऊन म्हणतो, "वकीलसाहेब, माझी केस चालवा." ती केस त्याची राहिलेली नसते, शासनाची झालेली असते. चालवणार सरकारी वकील. तुम्ही वकीलपत्र देऊन त्यांना मदत करायची, कोर्टाने परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद द्यायचा, बस. हे फी ठरवण्याआधी पक्षकाराला सांगून टाका, नंतर कटकट नको. खासगी फिर्याद आणि चेक परत आल्याची 138ची केस वेगळी. तिथे फिर्यादी आपल्या वकिलामार्फत स्वतःच लढतो.

मॅजिस्ट्रेट कोर्टातले सरकारी वकील म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता. हे एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी बहुधा बारमधूनच, म्हणजे वकिली करणाऱ्यांतूनच, नेमले जातात. बचाव पक्षाला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं लोकअभिरक्षक कार्यालय आहे. नवख्याने तिथल्या वकिलांमागे बसावं. कामाचा ढीग असतो आणि शिकवायला कुणी कंजुषी करत नाही.

तो खिडकीपाशी ताटकळणारा हवालदार म्हणजे पैरवी अंमलदार. कुठलं समन्स बजावलं गेलं, कुठलं वॉरंट पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून आहे, कुठला आरोपी दुसऱ्या गुन्ह्यात आत आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्याशी गोड बोला. तपासी अंमलदार वर्षभरात बदलून जातो, हा इथेच असतो.

शक्य तेवढे रिमांड, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही याच्या सुनावण्या, बघा. अटकेनंतर 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. साहेब विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? वकील दिलाय का?" मग रिमांड रिपोर्ट. त्यातली भाषा ठरलेली: मुद्देमाल हस्तगत करणे आहे, साथीदार निष्पन्न करणे आहे. हे आधीच झालंय का, एवढंच बचावाच्या वकिलाने शोधायचं असतं. झालं असेल तर पीसीआर (पोलीस कोठडी) कशाला? पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांची. नव्या कायद्यात ती गुन्ह्याप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की जामिनाचा अर्ज, त्यावर सरकारी वकील आणि तपासी अंमलदार यांचं म्हणणं, मग ऑर्डर. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी गेला असं नाही. जामीनदार सातबारा घेऊन येईपर्यंत गरिबाची रात्र जेलमध्येच जाते. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा. पण त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, तेव्हा तारखा मोजायची सवय लावा.

1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, तरी दंड संहितेचं जुनं पुस्तक रद्दीत घालू नका. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर कलम जुनंच. त्यामुळे एकाच बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या केसेसच्या यादीत, खुनाची एक केस 302ची असते आणि दुसरी 103ची. फसवणूक आता 318मध्ये गेली, पण बार रूममध्ये माणूस अजून चारसोबीसच आहे. आणखी एक: खुनाचंही दोषारोपपत्र आधी मॅजिस्ट्रेटकडेच येतं, तिथून खटला सत्र न्यायालयाकडे कमिट होतो, म्हणजे चालवायला पाठवला जातो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात. फाशी द्यायचा अधिकार सत्र न्यायाधीशांना आहे, पण हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

खरी मजा पुराव्याच्या तारखेला. समजा, मोटारसायकल चोरीची केस आहे आणि जप्तीचा पंच पिंजऱ्यात आहे. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, तो म्हणतो, "मला पोलिसांनी ठाण्यात बोलावलं, सही करायला सांगितली, मी केली." झालं, पंच फितूर. सरकारी वकील परवानगी घेऊन स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारू लागतात. नवखे इथे साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे बघतात. तुम्ही टायपिस्टच्या स्क्रीनकडे बघा. वकिलाने पाच मिनिटं जो प्रश्न घोळवला, तो रेकॉर्डवर बहुतेक वेळा येतच नाही. साहेब फक्त उत्तर सांगतात: "हे म्हणणे खरे आहे की, पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी मी तो वाचला नव्हता." अपिलात वाचलं जाणार ते हे वाक्य. 'खरे आहे' की 'खरे नाही', यावर माणसाची पाच वर्षं टांगलेली असू शकतात. चुकीचं उतरलं असेल तर तिथल्या तिथे, नम्रपणे उठून सांगायचं. साक्षीदाराची सही होऊन तो खाली उतरला की उशीर झाला.

असंच दुसरं वाक्य तुम्हाला रोज ऐकू येईल: "माझ्या पोलीस जबाबात तसे का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." साक्षीदार कोर्टात नवीन काहीतरी सांगतोय हे दाखवायची ही रीत. एवढ्यावर थांबायचं नाही. तो जबाब ज्याने लिहून घेतला तो तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याच्याकडून तीच गोष्ट शाबीत करून घ्यावी लागते. उलटतपास जोरदार झाला आणि नेमकं हेच राहून गेलं, अशा फायली मी पाहिल्या आहेत. वहीत साक्षीदारानुसार एक पान ठेवा आणि तपासी अंमलदाराला विचारायचे प्रश्न तिथेच टिपून ठेवा.

सरकारी पुरावा संपला की साहेब आरोपीला पुराव्यातली एकेक गोष्ट समजावून विचारतात. हा जबाब शपथेवर नसतो. 'खोटे आहे', 'माहीत नाही' इतकं म्हणूनही आरोपी मोकळा होतो, पण काही खुलासा असेल तर तो इथे यायला हवा.

ज्यांना पुढे न्यायाधीश व्हायचंय त्यांच्यासाठी: मे 2025मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तेव्हा ही वर्षं नुसती क्लासच्या नोट्सवर घालवू नका, पुराव्याच्या तारखांना बसा. कुठली केस कुठल्या तारखेला आहे ते ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर केसच्या सीएनआर नंबरने (ओळख क्रमांकाने) दिसतं.

निकालाच्या दिवशी मात्र एक तयारी आधीच ठेवा. मॅजिस्ट्रेटने तीन वर्षांपर्यंतची शिक्षा सुनावली आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपिलासाठी शिक्षा स्थगित करण्याचा अर्ज त्याच कोर्टात, तेव्हाच द्यायचा असतो. अर्ज टाइप करून आणि जामीनदाराला बाहेर बाकावर बसवूनच कोर्टात शिरा. निकालपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती मागून घ्या. सत्र न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात.