हॉटप्लगच्या दुरुस्तीला हात घालण्याआधी

क्यूएमूमध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) चालू व्हीएमला डिव्हाइस जोडताना किंवा काढताना, म्हणजे हॉटप्लगमध्ये, घोळ होतोय आणि तो सोर्समध्येच दुरुस्त करायचाय, तर आधी व्हीएमची पूर्ण कमांड लाइन लिहून ठेवा. मशीन टाइप (क्यूएमू कोणत्या हार्डवेअरची नक्कल करतो ते) आवृत्तीसकट हवा, नुसतं ‘क्यू३५’ पुरत नाही. क्यूएमू ६.१ पासून क्यू३५ पीसीआय हॉटप्लगसाठी डीफॉल्टने एसीपीआय (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला हार्डवेअर व्यवस्थापनाचा इंटरफेस) वापरतं. त्याआधी पीसीआय एक्सप्रेसची स्वतःची पद्धत वापरायचं. लक्षण तेच, पण कोड वेगळा. चुकीच्या फाइलमध्ये दोन दिवस घालवण्यापेक्षा हे आधी ठरवलेलं बरं.

क्यू३५ वर रिकामे रूट पोर्ट (डिव्हाइस जोडायच्या पीसीआय एक्सप्रेस जागा) सुरुवातीलाच दिलेत का, तेही बघा. मूळ बसवर हॉटप्लग चालत नाही आणि रूट पोर्ट मागाहून जोडता येत नाही. तिथे येणारी एरर हा बग नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिव्हाइस काढायची ‘डिव्हाइस_डेल’ ही कमांड यशस्वी झाली म्हणजे डिव्हाइस गेलं असं नाही. ती फक्त गेस्टला (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला) केलेली विनंती असते. गेस्टने डिव्हाइस सोडलं की मगच ‘डिव्हाइस_डिलीटेड’ हा इव्हेंट येतो. म्हणून क्यूएमपी (क्यूएमूला कमांड द्यायचा आणि इव्हेंट मिळवायचा प्रोटोकॉल) सॉकेट सतत उघडा ठेवून इव्हेंट वेळेसकट नोंदवायची सोय करा आणि शेजारी गेस्टचा कर्नल लॉग ठेवा. गेस्ट अजून बूट होत असेल, तर विनंती ऐकायला तिथे कोणीच नसतं. हा प्रसंग मुद्दाम घडवून बघा. एक्सप्रेसच्या पद्धतीत लिनक्स गेस्ट (क्यूएमूने नक्कल केलेलं) स्लॉटचं बटण दाबल्यावर ५ सेकंद थांबतो, त्यामुळे दोन सेकंदांत ‘फेल’ म्हणणारी टेस्टच चुकीची. डिस्क असेल तर इव्हेंट आल्यावरच ‘ब्लॉकडेव्ह-डेल’ करून तिचा मागचा स्टोरेज भाग काढा.

मग कोड. रिअलाइझमध्ये (डिव्हाइस उभं करणारं फंक्शन) घेतलेले टायमर, बॉटम हाफ (नंतर चालवायला ठेवलेली कामं), मेमरी रीजन अनरिअलाइझमध्ये (ते मोडणारं फंक्शन) परत केलेत का, हे कागदावर जोड्या लावून तपासा. मला तरी असे बग बहुतेक इथेच सापडतात. एकदा जोडून-काढून काही कळत नाही. तोच आयडी घेऊन शंभर वेळा जोडा-काढा करणारी स्क्रिप्ट तयार ठेवा आणि ती अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलेल्या बिल्डवर चालवा.

जुन्या मशीन टाइपचं वागणं बदलू नका, नाहीतर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) मोडेल. एसीपीआय टेबल बदलणार असेल तर आयएएसएल (एसीपीआय टेबलांचा कंपायलर) बसवून ठेवा, कारण बायोस टेबल टेस्टच्या अपेक्षित फाइलीही त्याच पॅच मालिकेत बदलाव्या लागतील.